जोडीची क्रियापदं आणि अक्काचं लग्न

ज्या वर्षी वाघाने आमचा डावीकडचा रेडा नेला, त्या वर्षी आमच्या घरात भात शिजणं जवळजवळ बंद झालं. ‘वाघ’ हा शब्द मी आज कागदावर सहज लिहितो आहे. कुंभारवाड्याच्या अंगाला, रानात विखुरलेल्या आमच्या वाडीत तो कुणी तोंडाने उच्चारत नसे. नाव घेतलं की तो हाक मारल्यासारखा दारात येतो, असं मानायचे. त्याला ‘मोठा’ म्हणायचं. ‘मोठ्यानं रेडा नेला’ एवढं आप्पा दारात येऊन बोलले आणि जोत्यावर बसले. आई आत चुलीपाशी होती, ती बाहेर आली नाही. तिथूनच तिने विचारलं, “डावा का उजवा?” आप्पा म्हणाले, “डावा.” डावा जास्त जोराचा होता.

एक रेडा उरला म्हणजे निम्मं काम होतं, असं परक्या माणसाला वाटेल. तसं नाही. एकटा रेडा काहीच कामाचा नाही. पावसाळ्यात नांगर ओढायला जोडी लागते, उन्हाळ्यात सागवानाचे ओंडके ओढून सरकारी लाकूड-डेपोवर न्यायला जोडी लागते. त्याआधीच सरकारने कुमरी बंद केली होती. कुमरी म्हणजे रानाचा तुकडा तोडून जाळायचा आणि त्या राखेत नाचणी पेरायची. ती गेली, मग रेडा गेला, आणि त्याच पावसाळ्यात आप्पांना हिवतापाने धरलं. आमच्या भागात हिवताप घराघरात होता, त्याचं कुणाला नवल नव्हतं. पण आप्पांची पानथरी, म्हणजे पोटातली प्लीहा, इतकी वाढली की वाकून पेंढी उचलली तरी धाप लागायची. आम्ही रानातले कंद उकडून खाल्ले, नाचणीची आंबील इतकी पातळ केली की भांड्याचा तळ दिसावा. घरात चौघं होतो. आप्पा, आई, माझी थोरली बहीण आणि मी. बहिणीला मी अक्का म्हणे.

तरी आमची शेती पडीक राहिली नाही, आणि याचं श्रेय वाडीच्या पैऱ्याला. पैरा म्हणजे कामाची फिरती. आज सगळी घरं तुझ्या शेतात, उद्या तुझ्या घरचा माणूस दुसऱ्याच्या शेतात. आमच्या एका रेड्याला शेजारच्या घरचा एक रेडा जोडला गेला आणि नांगरट झाली. त्याबदली आमच्या घरातून सगळ्यांच्या शेतावर माणूस जायला हवा होता. जे घर पैऱ्याला माणूस देत नाही, त्याच्या बांधावर पुढच्या पावसात कुणी चढत नाही. यात कुणाचा राग नसतो. तशी रीतच आहे.

मी हुशार होतो. हे सांगायला मला संकोच वाटत नाही. वाडीत दुसरं कुणी शाळेत टिकलं नव्हतं, मी टिकलो. उळवीच्या जत्रेत दरवर्षी कापडाचं दुकान मांडणारे एक गृहस्थ मूळचे खानापूरकडचे, पेढी बेळगावात. जत्रेत मी त्यांच्या कापडाच्या किमती तोंडी जमवून दाखवल्या, तेव्हा ते आप्पांना म्हणाले, “पोराला माझ्यासंगट द्या. दुकान झाडील, आणि हायस्कुलात जाईल.” आप्पांनी विचार केला नाही असं नाही. खूप केला. शेवटी म्हणाले, “न्या.” त्या गृहस्थांना मी मामा म्हणू लागलो आणि सख्ख्या मामाने करावं तेवढं त्यांनी केलं. दुकानाच्या मागच्या खोलीत, गाठोड्यांच्या आडोशाला माझं अंथरूण असे. नव्या कोऱ्या कापडाचा खळीचा वास आला की अजून मला अभ्यासाची आठवण होते.

हायस्कुलात गणित, इतिहास, संस्कृत सगळं मला आलं. अडलो तो इंग्रजीत, आणि इंग्रजीतही एकाच जागी. आजकाल पोरं ज्यांना फ्रेझल व्हर्ब म्हणतात, त्यांना आमचे इंग्रजीचे मास्तर ‘जोडीची क्रियापदं’ म्हणत. मास्तर धारवाडकडचे, घरी कानडी बोलणारे. मराठी बोलताना मधूनच कानडी हेल निघायचा. ते फळ्यावर एक साधं क्रियापद लिहीत, शेजारी एक चिमुकला शब्द लिहीत आणि म्हणत, “हे बघा. ‘गिव्ह’ म्हणजे देणं. ‘अप’ म्हणजे वर. आता दोघांना जुंपलं, तर वर देणं होतं काय? होत नाही की! ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणं. जोडी झाली की दोघांची चाल बदलते.”

हे मला वर्गात लगेच समजलं. ज्याने जू पाहिलं आहे त्याला हे शिकवावं लागत नाही. डाव्या अंगाला तोच रेडा, पण उजव्याला कोण आहे त्यावर नांगर कुठे जाणार ते ठरतं. ‘लुक’च्या जोडीला ‘आफ्टर’ लावा, सांभाळणं झालं. ‘फॉर’ लावा, शोधणं झालं. ‘डाऊन अपॉन’ लावा, तुच्छ मानणं झालं. समजायला मला काही अडचण नव्हती. पण परीक्षेत अर्थ विचारत नसत, ‘वाक्यात उपयोग करा’ असं विचारत. आणि वाक्य कशाचं करायचं हा प्रश्न होता.

बाजारात एक पुस्तक मिळे, त्यात अशा शेकडो जोड्या आणि प्रत्येकीखाली तयार वाक्य. सगळी पोरं तेच पाठ करत. मीही केलं. त्या वाक्यांत एक आरमाराचा साहेब होता, तो आपलं जहाज निघण्याचा बेत पुढे ढकलायचा. एक जमीनदार होता, तो वादळामुळे खानावळीत मुक्काम करायचा. एक गाडीवान, एक शेकोटीजवळ बसलेली मावशी, एक वारसदार पुतण्या. मी जहाज पाहिलं नव्हतं, खानावळीत मुक्काम केला नव्हता, आणि पुतण्या वारसदार झाला तर मावशी का रुसते ते मला समजत नव्हतं. पण इंग्रजी ही त्यांचीच भाषा, तेव्हा वाक्यंही त्यांचीच हवीत, अशी माझी पक्की समजूत होती. आमच्यासारख्यांचं त्यात काय असणार?

मॅट्रिकच्या पेपरात माझी पार गल्लत झाली. आरमाराचा साहेब खानावळीत उतरला, गाडीवान जहाजात बसला, आणि ‘लुक आफ्टर’ला मी ‘लुक फॉर’चं वाक्य चिकटवलं. बाकी सगळ्या विषयांत पास झालो आणि इंग्रजीत नापास. त्या काळी एका विषयात गेलं की सगळंच गेलं.

उन्हाळ्यात मी घरी आलो तेव्हा बातमी माझ्या आधी पोचली होती. संध्याकाळी वाडीची माणसं आमच्या अंगणात जमली. पावसाच्या तोंडावर पैरा ठरवायला दरवर्षीच जमतात, पण त्या वर्षी विषय मीच होतो. मधोमध आमचे बुधवंत बसले होते. बुधवंत म्हणजे वाडीतलं वडीलधारं माणूस, ज्याचा शब्द शेवटचा. त्यांनी पान जुळवलं आणि आप्पांना विचारलं, “पोराचं विंग्रजी बुडालं म्हंत्यात. आता?”

“आता काय,” आप्पा म्हणाले. “माझ्यानं वाकवत न्हाई. पैऱ्याला माणूस पायजे. येतोय तो घरला.”

शेजारची काकी लगेच म्हणाली, “चार बुकं शिकला न् पोरगा गेला कामातनं. ना नांगराचा, ना कचेरीचा. हात बघा त्याचं, लोण्याचं झाल्यात.”

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. खरं तर मी मनाने परत आलोच होतो. तेवढ्यात दारातून अक्का बोलली.

“त्याचा दिस मी भरीन.”

बुधवंतांनी वळून पाहिलं. “बाईचा दिस अर्धा धरत्यात, पोरी.”

“मग अर्धा धरा. मी दुप्पट येईन.”

“आन् लगीन?” काकी म्हणाली. “बाजारकुणंगची माणसं ह्याच उन्हाळ्यात उरकायचं म्हंत्यात न्हवं?”

अक्काचं लग्न बाजारकुणंगच्या एका घरात ठरलं होतं. चांगलं घर, स्वतःची रेड्यांची जोडी असलेलं. मुलगा अक्काने जत्रेत पाहिला होता आणि तो तिला पसंत होता. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती गेली तर आमच्या घरात काम करणारं आईशिवाय कुणी उरणार नव्हतं. राहिली तर माझा दिवस ती भरणार होती.

“एक साल थांबा म्हणून सांगा त्यास्नी,” अक्का म्हणाली.

“आन् न्हाई थांबली तर?”

“तर न्हाई थांबली.”

मला राहवलं नाही. मी म्हणालो, “अक्का, मी येतो घरी. नको.”

“तू गप,” ती म्हणाली. “तुला कुणी इचारलंय? तुझं काम बुकात, त्ये कर.”

बुधवंतांचं पान चावून झालं, मग ते म्हणाले, “लावणीला न् कापणीला हिचा दिस पुरा धरायचा. अर्धा न्हाई. नांगराला बाई चालत न्हाई, तवा नांगराला त्यांच्या बदली माझा धाकला जाईल. बाजारकुणंगला मी सोता जाऊन सांगतो.” आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “पर एकच साल. दुसऱ्या सालाला मी कुणाला थांबवणार न्हाई. तुझ्यासाठी बी न्हाई, तिच्यासाठी बी न्हाई.”

वाडीत त्यापूर्वी बाईचा दिवस कुणी पुरा धरला नव्हता. बुधवंतांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि माझ्या इंग्रजीशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी रीत बदलली. ते बाजारकुणंगला जाऊन आले. ती माणसं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबायला तयार झाली, त्यापुढे नाही.

असा मी पुन्हा बेळगावला गेलो. आता पास झालो नाही तर मी नांगराला जाणार, यात मला भीती वाटण्यासारखं काही नव्हतं. पण अक्काने माझ्यासाठी थांबवलेलं वर्ष फुकट जाणार, हे मला झोपू देत नव्हतं. मी तेच पुस्तक पुन्हा काढलं आणि तीच वाक्यं पुन्हा घोकायला लागलो. अजून जोरात, एवढाच फरक.

एके दिवशी वर्गात मास्तरांनी मला उभं केलं. “पुट अप. मुक्काम करणं. वाक्य सांग.” मी आरमाराच्या साहेबाला खानावळीत उतरवलं. मास्तर म्हणाले, “हा साहेब तुझ्या ओळखीचा काय रे?”

“नाही सर.”

“मग त्याला कशाला त्रास देतोस? गेल्या साली त्यानंच तुला पाडलं की. तुझ्या गावात माणसं नाहीत काय?”

“आहेत सर.”

“जनावरं?”

मागून कुणीतरी म्हणालं, “सर, तोच एक गवा आहे.” बेळगावची पोरं मला गवा म्हणत. मास्तरांनी तिकडे दुर्लक्ष केलं. म्हणाले, “‘कॅरी ऑफ’. उचलून घेऊन जाणं. तुझ्या गावातलं वाक्य पाहिजे. पुस्तकातलं नको.”

मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. तोंडातून वाक्य आलं, “द बिग वन कॅरीड ऑफ अवर बफेलो.”

मास्तर म्हणाले, “वाक्य सरळ आहे. पण हा ‘बिग वन’ कोण? मामलेदार?”

वर्ग हसत सुटला. कुणी म्हणालं, “कलेक्टर असेल सर!” कुणी म्हणालं, “ह्याचे सासरे!” मी तसाच उभा. मास्तरांनी पुन्हा विचारलं, “अरे कोण ते सांग की. चोर?” मला उत्तर ठाऊक होतं, इंग्रजी शब्दही येत होता, पण जीभ वळेना. शेवटी मी हळू आवाजात म्हणालो, “सर, आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत.”

मास्तरांचा चेहरा बदलला. त्यांनी हात वर करून वर्गाला गप्प केलं. म्हणाले, “आमच्या आजीच्या गावीही नाव घेत नव्हते.” मग थोडं पुढे वाकून, एखादं गुपित सांगावं तसं म्हणाले, “पण हे बघ, त्याला इंग्रजी येत नाही. इंग्रजीत तू त्याचं नाव खुशाल घे.”

पुन्हा हशा झाला, पण या वेळी मीही त्यात होतो. मी म्हणालो, “द टायगर कॅरीड ऑफ अवर बफेलो.” आणि खिडकीकडे पाहिलं. बाहेर काही झालं नाही. रस्त्यावरून टांगा गेला. मास्तर म्हणाले, “हे तुझं वाक्य. हे तू विसरणार काय?”

“नाही सर.”

“मग सगळी अशीच आण. तुझ्या घरातली. परीक्षक मुंबईचा असो नाहीतर विलायतेचा, तुझा रेडा गेला हे त्याला कळतंय.”

त्या दिवसाआधी इंग्रजी ही दुसऱ्याच्या घरातली वस्तू होती, हात लावायला परवानगी लागणारी. मास्तरांनी ती माझ्या अंगणात आणून ठेवली. मला इंग्रजी कोणी दिली असं कुणी विचारलं, तर मी त्यांचं नाव घेतो. इथे लिहीत नाही, कारण आपलं नाव कुठे छापून आलेलं त्यांना खपत नसे.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा कापणी चालू होती. सगळी वाडी आमच्याच शेतात होती आणि अक्का सगळ्यांच्या पुढे. ती पावसाळाभर कुणाच्या ना कुणाच्या शेतात होती. हाताच्या बोटांना भेगा, चेहरा रापलेला, पण आवाज तोच. मी पेंढ्या बांधायला लागलो. काकीने विचारलं, “लोण्याला काटं टोचत न्हाईत व्हय?” मी म्हणालो, टोचतायत. मग अक्काने विचारलं, “बुकात काय शिकवत्यात आता?”

मी जोड्यांचं सांगितलं. मास्तरांनी घरातली वाक्यं आणायला सांगितलीत, हेही सांगितलं. हे ऐकून सगळ्यांना मोठी गंमत वाटली. सायबाच्या पेपरात आपली वाक्यं जाणार! अक्का म्हणाली, “मग मीठ संपलंय त्ये घाल.” मीठ खरंच संपलं होतं. ‘वी रॅन आउट ऑफ सॉल्ट.’ आप्पा बांधावर बसून राखण करत होते, त्यांच्यासाठी ‘लुक आफ्टर’ झालं. अक्काचं नाक आजीसारखं, तिथे ‘टेक आफ्टर’ झालं. काकी विळा थांबवून म्हणाली, “माझं बी एक घाल की रं.”

मी म्हणालो, “माय आंट लाफ्ड ॲट मी.”

“म्हंजी?”

“म्हंजे काकी मला हसली.”

“हसली न्हवं,” काकी म्हणाली, “हसतीयाच हाय अजून. त्ये बी ल्ही.”

मी तेही वाक्य केलं, चालू काळात. परीक्षेच्या पुस्तकात काळ शिकवायला पानं लागतात. काकीने एका वाक्यात शिकवलं.

दुपारी बांधावर भाकरी खाताना अक्काने रेड्याचं विचारलं. “त्याचं न्हाई केलंस?” मी बेळगावच्या वर्गातली सगळी हकिगत सांगितली. मामलेदाराचं ऐकून सगळे पोट धरून हसले. आप्पा मात्र हसले नाहीत. भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

“नाव घेतलंस?”

“इंग्रजीत घेतलं, आप्पा.”

“कुठं? हितं रानात?”

“नाही, बेळगावात. वर्गात.”

आप्पांनी समोरच्या रानाकडे पाहिलं, थोडा हिशेब केला. मग म्हणाले, “बेळगावात चालतंय. तिथनं ऐकू येत न्हाई त्याला.” आणि भाकरी खाऊ लागले.

परत कापणीला लागलो तेव्हा अक्का आणि मी एका ओळीत होतो, बाकीचे थोडे पुढे गेले होते. ती कंबर सरळ करून म्हणाली, “माझं खरं वाक्य केलंस की न्हाई?”

“कुठलं?”

“ठावं हाय तुला.”

मी ते केलं होतं. बेळगावात, मास्तरांनी घरातली वाक्यं मागितली त्याच रात्री केलं होतं, आणि ते कुणालाही म्हणून दाखवलं नव्हतं. मी म्हणालो, “माय सिस्टर पुट ऑफ हर वेडिंग.”

“म्हंजे?”

“अक्कानं लगीन पुढं ढकललं.”

ती दोन-चार मुठी कापत पुढे गेली. मग थांबून म्हणाली, “पुढं ढकललं म्हंजे मोडलं न्हाई न्हवं?”

“नाही नाही. मोडण्याला वेगळी जोडी आहे. ‘ब्रेक ऑफ’.”

“मग ती शिकू नगंस.”

“शिकायलाच लागते, अक्का. पेपरात येते.”

तिने जरा विचार केला. “बरं, शीक. पर आमच्यावर वाक्य करू नगंस.”

मी कबूल केलं. तिने मान हलवली आणि पुन्हा वाकली. याहून जास्त आम्ही त्या विषयावर कधी बोललो नाही. तिने मला एकदाही विचारलं नाही, ‘पास होशील का?’ मी पास होणार हे तिने धरूनच ठेवलं होतं, आणि ते ओझं नव्हतं. उलट पाठीला कुणी हात लावून उभं असल्यासारखं वाटायचं.

बेळगावला परतल्यावर मी ते बाजारातलं पुस्तक दुकानाच्या फळीवर ठेवून दिलं. वाटेत, विहिरीवर, गाठोडी बांधताना माझी वाक्यं आपोआप होत. ‘गेट थ्रू’, आम्ही पावसाळा निभावला. ‘स्टँड बाय’, वाडी आमच्या पाठीशी उभी राहिली. ‘मेक अप फॉर’, अक्काने माझी उणीव भरून काढली. ‘सेट आउट’, पहाट होण्याआधी आप्पा डेपोकडे निघाले. ही पाठ करावी लागली नाहीत. ती घडलेली होती. मामा गिऱ्हाइकाला खण दाखवता दाखवता मला विचारत, “आज काय जुंपलंस?” मी सांगे, आणि त्यांना इंग्रजी येत नसूनही ते मान डोलवत. परीक्षेच्या महिन्यात त्यांनी मला दुकानाला हात लावू दिला नाही. “झाडायला मी हाय,” म्हणाले, आणि खरंच स्वतः झाडू घेतला.

पेपरात तो प्रश्न आला. पुढील शब्दांचा वाक्यात उपयोग करा. पहिलाच होता ‘कॅरी ऑफ’. मी वाघाचं नाव लिहिलं, स्पष्ट अक्षरात. मग ‘रन आउट ऑफ’. मीठ. मग ‘लुक आफ्टर’. आप्पा बांधावर. पुढे ‘पुट ऑफ’ आणि त्याच्या खाली, जणू कुणी मुद्दाम जोडीला ठेवावं तसं, ‘ब्रेक ऑफ’.

‘पुट ऑफ’चं वाक्य मी अक्काला सांगितलं होतं तसंच लिहिलं, पण शेवटी दोन शब्द वाढवले. ‘माय सिस्टर पुट ऑफ हर वेडिंग फॉर मी.’ लिहिताना पहिल्यांदाच मला त्या वाक्याचं पुरं वजन समजलं. अंगणात ती दारातून बोलली तेव्हा नाही, शेतात बोलली तेव्हाही नाही. परक्या भाषेत, परक्या माणसाला ते सांगताना समजलं. मग खालच्या जोडीकडे वळलो. ‘ब्रेक ऑफ’ला मी हत्ती घेतला. आमच्या रानातल्या हत्तीने फांदी मोडली. अक्काला दिलेला शब्द राहिला.

निकाल उन्हाळ्यात लागला. मामांनी वर्तमानपत्र आणलं आणि माझ्या हातात दिलं, कारण त्यांना स्वतः शोधायचा धीर नव्हता. माझा नंबर होता. मामांनी दुकान तसंच उघडं टाकून पेढे आणायला धाव घेतली. गिऱ्हाईक मीच सांभाळलं. मग मास्तरांकडे गेलो. ते झोपाळ्यावर बसले होते. पाया पडलो, तर म्हणाले, “पास कोण झालं? तू, की रेडा?” मी म्हणालो, “दोघंही, सर.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

लोंढ्यापर्यंत रेल्वेने आणि पुढे जगलबेटवरून पायी मी घरी पोचलो. अक्का अंगण सारवत होती. मी म्हणालो, “झालो.” ती शेणाच्या हातानेच उठली, आत जाऊन आईला सांगितलं, परत येऊन उरलेलं अंगण सारवून पुरं केलं. मग हात धुऊन माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “सांगावा धाडा त्यास्नी.”

बुधवंत पुन्हा स्वतः बाजारकुणंगला गेले. पाऊस सुरू व्हायच्या आधी आमच्या अंगणात मांडव पडला. आमच्या घरचा पैरा त्या वर्षी पुरा भरलेला होता, म्हणून मांडवाच्या मेढी रोवायला, पानं आणायला, स्वयंपाकाला वाडीतलं एकही घर मागे राहिलं नाही. काकीने वऱ्हाडातल्या बायकांना सांगितलं की आपण इंग्रजीत आहोत. त्यांनी विचारलं, कशा? ती म्हणाली, “हसत.” अक्काचा नवरा भला माणूस निघाला. ती सुखाने नांदली, आणि माझ्या कष्टांचं फळ मला मिळालं यापेक्षा तिच्या कष्टांचं फळ तिला मिळालं याचा मला जास्त आनंद आहे.

मॅट्रिक झाल्यावर मला शिष्यवृत्ती मिळाली, तिच्यातले पैसे घरी धाडून पैऱ्याला माझ्या बदली मजूर लावला आणि मी कॉलेजात गेलो. तिथे पोरं मोठ्या मोठ्या ग्रंथांतले उतारे म्हणून दाखवत. मला इंग्रजीत बोलायला सांगितलं की माझ्या वाक्यात रान, नांगर, मीठ, बहीण असं काहीतरी येत असे. सुरुवातीला ते हसले, पुढे त्यांनाही सवय झाली. एका प्राध्यापकांनी मला विचारलं, इतकी सरळ इंग्रजी कुठे शिकलास? मी सांगितलं, भाताच्या शेतात. ते त्यांना विनोद वाटला. मला नाही.

आज मी जे आहे ते माझ्या हुशारीने झालो असं कुणी म्हणालं, तर मी त्याला थांबवतो. हुशारी होती, ती मी नाकारत नाही. पण माझ्या वाट्याचा दिवस अक्काने भरला, तिचा दिवस बुधवंतांनी पुरा धरला, मामांनी झाडू हातात घेतला, मास्तरांनी माझं घर इंग्रजीत आणलं. यातलं एकही कमी असतं तर मी डेपोवर ओंडके ओढत असतो. तेही काही वाईट काम नाही. आप्पांनी अंगात बळ होतं तोवर तेच केलं. पण मला दुसरं मिळालं आणि ते या माणसांनी मिळवून दिलं.

मी इंग्रजी विषय घेऊन बी. ए. झालो. आमच्या घराण्यातला, आमच्या वाडीतला, आणि मला ठाऊक आहे तिथवर आमच्या बाजूच्या सगळ्या वाड्यांमधला पहिला ग्रॅज्युएट मी आहे.